अंगावर काटा आणणारी प्रार्थना खरी की नक्कल? पंडिता रमाबाईंनाही हा प्रश्न पडला होता

तर झालं असं, की मागच्या वर्षी आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील आली. उल्हासनगरमधला एक हॉल, खाली दुकानं, वर प्लास्टिकच्या खुर्च्या. कोपऱ्यात कीबोर्ड वाजतोय, माईकवरचा माणूस जोरजोरात प्रार्थना करतोय, समोरच्या बायका रडतायत. मग एक बाई पुढं येते आणि सांगते, माझी शुगर गेली, गोळ्या बंद केल्या, प्रभूची स्तुती असो.

खाली दोनच प्रकारच्या कमेंट होत्या. एक ‘आमेन’ आणि दुसरी ‘सगळं नाटक’. दोन्ही बाजूंनी निकाल लावायला तीस सेकंदं घेतली होती.

त्या रीलमधली बाई आमच्या मजल्यावरच्या काकूंची सख्खी बहीण होती.

काकूंचं घराणं मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्या जुन्या मिशनच्या चर्चला जाणाऱ्या, बहीण मात्र चारेक वर्षांपासून या नव्या मंडळीत रमलेली. काकूंनी मला रील दाखवली आणि विचारलं, “तू पत्रकार आहेस ना गं? मग सांग, हे खरं असतं का? मला तर काही कळेना. ती खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे.”

मी स्वतः ख्रिश्चन नाही. त्यामुळं देव बोलतो की नाही, यावर मी बोलणार नाही. पण काकूंचा प्रश्न तो नव्हताच. खरी ख्रिस्ती भक्ती कुठली आणि तिची वरवरची नक्कल कुठली, हे ओळखायचं कसं, असा तो प्रश्न होता. आणि याचं उत्तर शोधायला गेलं तर कळतं, की ख्रिस्ती परंपरा स्वतःच जवळपास दोन हजार वर्षं याच प्रश्नाशी झगडतीये. त्यातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तर एका मराठी बाईनं दिलंय.

आधी आपला भाग समजून घेऊ

कल्याणच्या पुढं कर्जतच्या लोकलनं निघालं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी शहरं एकाला एक चिकटून लागतात. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या शहराची पायाभरणी झाली. आजही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर उल्हासनगरकरच सगळ्यात आधी करतात. हुबेहूब माल बनवायची कला या शहराइतकी क्वचितच कुणाला जमली असेल. म्हणून असली आणि डुप्लिकेट ओळखायचा विषय इथं काढला, तर कुणाला राग येऊ नये.

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसी आली, त्यांच्यामागोमाग देशभरचे कामगार आले. बदलापूरला मुंबईत घर न परवडणारे आले. त्यामुळं या पट्ट्यातला ख्रिस्ती समाज एकसारखा नाही. नगर, जालना, सोलापूरकडचे मराठी ख्रिस्ती आहेत, गोव्या-मंगळूरचे कॅथलिक आहेत, तमिळ आहेत, केरळहून आलेली कुटुंबं आहेत. केरळच्या सिरो मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८८ मध्ये आला तो कल्याणलाच. सिंधी घरांतूनही येशूची प्रार्थना करणारी माणसं आहेत.

पद्धतीही वेगवेगळ्या. कॅथलिक मिस्सा ठरलेल्या क्रमानं, बऱ्यापैकी शांतपणे चालते. जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत गाणी, वाचन आणि उपदेश. आणि पेंटेकॉस्टल किंवा त्या वळणाच्या मंडळ्यांत मोठ्यानं एकत्र प्रार्थना, टाळ्या, अश्रू, आजाऱ्यांवर हात ठेवणं आणि ‘अन्य भाषा’, म्हणजे प्रार्थनेच्या भरात तोंडून निघणारे न समजणारे शब्द. रीलवर दिसतो तो बहुतेक वेळा हा तिसरा प्रकार, कारण शांत बसलेल्या माणसांची रील व्हायरल होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा आरडाओरडा अमेरिकेतून आलेला आहे. इथंच गोष्ट इंटरेस्टिंग होते.

धर्म मिळाला, पण ख्रिस्त नाही

पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं, लोकांचा विरोध पत्करून. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीणही. भावाबरोबर देशभर पायी फिरत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा वारला. लहानग्या मनोरमाला घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे विषय संपला, असं आपल्याला वाटतं. धर्मांतराच्या सगळ्या चर्चा तिथंच थांबतात. रमाबाईंच्या बाबतीत मात्र खरी ओढाताण तिथून सुरू झाली.

ज्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या, तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. सिस्टरना रमाबाईंमध्ये हट्ट आणि गर्व दिसायचा. कारण रमाबाई प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारत. मांसाहार करणार नाही म्हणत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल होता. मला हा प्रश्न फार आवडतो. म्हणजे बघा, १८८० च्या दशकात, इंग्लंडमध्ये, इंग्रजांच्याच आश्रयाला राहिलेली पंचविशीतली विधवा विचारते, की देवाला लॅटिन जास्त कळतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?

पुढं अमेरिका झाली, १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आलं, १८८९ मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं. बाहेरून पाहिलं तर त्या जगभर नाव झालेल्या ख्रिस्ती समाजसेविका होत्या.

आणि याच काळाबद्दल त्यांनी नंतर काय लिहिलं, ते महत्त्वाचं आहे. १९०७ मध्ये केडगावच्या मुक्ती प्रेसनं त्यांचं ‘अ टेस्टिमनी’ हे छोटं आत्मकथन छापलं. त्यात त्या कबूल करतात, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या हातात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक आलं. या हॅस्लमची कथा भन्नाट आहे. तो अनेक वर्षं पाद्री होता, लोकांना उपदेश करत होता, आणि १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःचंच प्रवचन देता देता त्याच्या लक्षात आलं, की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच झालेलं नाही. समोरच्यांपैकी एकानं ओरडून सांगितलं म्हणे, की पाद्रीबाबांचंच मन पालटलं!

हे वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारलं, माझं काय?

थांबा जरा, कारण काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. नक्कल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं भोंदू येतो. पण रमाबाई भोंदू नव्हत्या. त्या प्रामाणिक होत्या, विद्वान होत्या, कष्ट करत होत्या. तरीही स्वतःच्याच मोजमापानं त्या आठ वर्षं बाहेरच उभ्या होत्या. म्हणजे माणूस खोटं न बोलताही वरवरच्या भक्तीत राहू शकतो. शब्द पाठ होतात, हात कधी वर करायचे ते कळतं, कुठल्या ओळीला डोळे मिटायचे तेही. काकू म्हणाल्या ना, बहीण खोटं बोलत नाही. बरोबर आहे. पण खोटं न बोलणं ही कसोटी पुरेशी नाही.

१९०५, केडगाव

पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे. तिथं रमाबाईंचं ‘मुक्ती मिशन’ उभं राहिलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि बायका तिथं आणल्या. उपाशी, टाकलेल्या, विकल्या जाऊ शकणाऱ्या.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमायचं आवाहन केलं. वेल्समध्ये तेव्हा मोठी धार्मिक जागृती सुरू होती, तिच्या बातम्या येत होत्या. जूनच्या अखेरीस केडगावात काहीतरी फुटलं. मुली रडू लागल्या, मोठ्यानं पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालू. त्या वेळच्या वर्णनात एक प्रसंग येतो. रात्री एका मुलीनं आपल्या अंगात आग असल्याचा अनुभव घेतला आणि दुसरीला ती खरोखर पेटल्यासारखी दिसली, म्हणून ती बादलीभर पाणी आणायला धावली. ओतणार, तेवढ्यात लक्षात आलं की आग लागलेलीच नाही.

पुढच्या वर्षी तिथं ‘अन्य भाषां’चीही नोंद झाली. आता तारखा जुळवून बघा. आज जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात बहुतेक लोक लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर मानतात. ते साल १९०६. केडगावची जागृती १९०५ ची. म्हणजे उल्हासनगरच्या हॉलमध्ये जो आवाज ऐकू येतो, त्याचं एक मूळ आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे.

या गोंधळावर टीका झाली. हे असंस्कृत आहे, ही उन्मादाची लाट आहे, असं बोललं गेलं. रमाबाई स्वतः शांत प्रार्थना करणाऱ्या, अभ्यासू बाई. त्यांनी काय केलं? त्यांनी मुलींना गप्प बसवलं नाही. पण त्या आवाजाला प्रमाणपत्रही दिलं नाही. १९०७ मध्ये मिशनच्या पत्रिकेत त्यांनी आपलं मत मांडलं. सार असं, की पवित्र आत्मा मिळाल्याची खरी आणि आवश्यक खूण म्हणजे प्रेम. बरं करण्याची शक्ती, अन्य भाषा, भविष्यवाणी ही दानं टाकून देऊ नयेत, पण प्रत्येकाला ती मिळालीच पाहिजेत असंही नाही.

एकाच वाक्यात ‘आमेन’वाल्यांनाही उत्तर आणि ‘नाटक’वाल्यांनाही. आवाज आहे म्हणून खरं, हेही चूक. आवाज आहे म्हणून खोटं, हेही चूक.

आणि पुढची सतरा वर्षं बघा. छापखाना चालला, तोही बायकांनी चालवलेला. विणकाम, शेती, दवाखाना. मनोरमानं अंध मुलींना ब्रेल शिकवलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचा अनुवाद केला. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी अनुवादाचं काम संपलं होतं. जूनमधल्या त्या रात्रीची रील निघाली असती तर ती व्हायरल झाली असती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीची कुणी काढली नसती.

बायबल काय म्हणतं? चमत्कार ही कसोटी नाही

हे वाचून मलाच आश्चर्य वाटलं होतं. नव्या करारात नक्कल करणाऱ्यांच्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्यातली एक तर चक्क विनोदी आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. इफिस शहरात पौल भुतं काढतो म्हणून त्याचं नाव झालेलं. ते पाहून स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे तोच मंत्र वापरू लागतात, पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावानं निघ म्हणून. भूत त्यांना विचारतं, येशू मला माहीत आहे, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि त्यांना असं बदडतं की ते उघडेबोडके पळत सुटतात. शब्द बरोबर होते, नाव बरोबर होतं. माणसं उसनी होती.

त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार प्रेषितांपुढं पैसे ठेवतो आणि ही शक्ती मलाही विका म्हणतो. पेत्र त्याला पैशांसकट हाकलतो.

पण सगळ्यात कडक बोलणं खुद्द येशूचं आहे, मत्तयच्या सातव्या अध्यायात. शेवटच्या दिवशी पुष्कळ जण येऊन सांगतील, की आम्ही तुझ्या नावानं भविष्य सांगितलं, भुतं काढली, चमत्कार केले. आणि त्यांना उत्तर मिळेल, की माझी तुमची ओळख नाही. म्हणजे चमत्कार घडला की नाही, हा वाद तिथं होतच नाही. घडला असं धरलं तरी तो पुरावा मानलेला नाही. त्याच अध्यायात कसोटी दिली आहे ती झाडाची. झाड फळावरून ओळखावं.

फळं कुठली? पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नऊ सांगितलीत. प्रेम, आनंद, शांती, धीर, दया, चांगुलपणा, निष्ठा, सौम्यपणा, संयम. यादी परत वाचा. यातलं एकही माईकवर करता येत नाही. धीर तीस सेकंदांत दिसत नाही. संयम तर दिसायलाच वेळ लागतो.

येशूनं असंही सांगितलंय, की प्रार्थना दार लावून, एकांतात करावी. (कॅम्पातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथं दार लावून एकांत कुठून आणायचा, हा वेगळा प्रश्न. लोक हॉलमध्ये मन मोकळं करायला जातात, त्याचं एक कारण घरात रडायला जागा नसते हेही असावं.)

भाकरी घ्यावी, पैसे मागू नयेत

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ख्रिस्ती मंडळ्यांपुढं एक व्यावहारिक अडचण आली. गावोगाव फिरणारे उपदेशक यायचे, मी देवाचा माणूस आहे म्हणायचे. खरा कोण, फुकट खाणारा कोण? त्यासाठी कुणीतरी एक छोटी नियमावली लिहिली, ‘डिडाखे’ नावाची. शतकानुशतकं तिचा पत्ता नव्हता. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रायेनिओस यांना तिचं हस्तलिखित सापडलं आणि १८८३ मध्ये ते छापलं गेलं. योगायोगानं रमाबाईंच्या बाप्तिस्म्याचं हेच साल.

नियम अगदी घरगुती आहेत. फिरता उपदेशक आला तर त्याला मानानं ठेवून घ्या. एक दिवस राहील, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. देवाचा संचार झाला असं म्हणून जेवणाची पंगत मांडायला सांगितली आणि स्वतःच जेवायला बसला, तरी खोटा. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठी मागितलं, तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. आणि काम न करता बसून खाऊ पाहणाऱ्यासाठी त्यात एक शब्द आहे, त्याचा अर्थ होतो ‘ख्रिस्ताचा व्यापारी’.

आज उपदेशक तीन दिवस राहात नाही, स्क्रीनवर क्यूआर कोड राहतो. पण प्रश्न तोच आहे, पैसा कुणासाठी मागितला जातोय आणि हिशेब कुणाला दिसतो. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला १९५० च्या कायद्याप्रमाणं हिशेब ठेवावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे ते द्यावे लागतात. चर्च असो वा मंदिर. अर्थात दहा माणसं कुणाच्या घरी जमून प्रार्थना करत असतील, तर त्यांच्याकडे नोंदणी नाही म्हणून ती खोटी, असं म्हणणं वेडेपणा आहे.

कोटातला ख्रिस्त आणि अभंगातला

नक्कल नेहमी पैशासाठीच होते असं नाही. कधी ती रुबाबासाठी होते. हल्ली काही तरुण उपदेशक ब्लेझर घालून, हेडसेट लावून, हिंदीच बोलतात, पण सूर अमेरिकन टीव्हीवरचा. शंभर वर्षांपूर्वी हेच वेगळ्या रूपात चालू होतं. धर्म बदलला की पेहराव, गाण्याची चाल, बोलणं सगळं साहेबी व्हायचं.

याला कंटाळलेला माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण, कवी, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. ख्रिस्त मराठीत यायचा तर अभंगातून, कीर्तनातून यावा, असा त्यांचा आग्रह. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते मानत. आणि तुकोबांनी वेषधारी साधूंची जी सालटी काढलीत, ती मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. म्हणजे चर्चच्या रजिस्टरमधलं नावसुद्धा त्यांनी शेवटची कसोटी मानली नाही. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले.

लक्ष्मीबाईंचं तर त्याहून वेगळं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, पाच वर्षांनंतरचा. मधला सगळा मनस्ताप, सोवळंओवळं आणि त्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर येणं ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवऱ्याची नक्कल करणं किती सोपं होतं, हे ते पुस्तक वाचताना सारखं जाणवतं.

चर्च स्वतः तपासतं का?

कॅथलिक चर्च तपासतं, आणि फार सावकाश तपासतं. फ्रान्समधल्या लुर्दला १८५८ पासून कोट्यवधी लोक गेले. बरं झाल्याचे सात हजारांहून जास्त दावे डॉक्टरांच्या कार्यालयाकडे नोंदले गेले. त्यातले चमत्कार म्हणून मान्य झाले सत्तरच्या थोडे वर. मे २०२४ मध्ये व्हॅटिकननं नवे नियम आणले, त्यानुसार बिशपांनी आता सहसा ‘हा चमत्कार आहे’ असं जाहीर करायचंच नाही, लोकांच्या भक्तीला धोका नाही एवढंच फार तर सांगायचं.

जवळचं उदाहरण आपल्याच लोकलच्या नकाशातलं. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागात एका चर्चबाहेरच्या क्रूसातून पाणी ठिबकू लागलं, लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, की जवळचं गटार तुंबलंय, तिथलं पाणी भिंतीतून वर चढतंय. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांनी देश सोडून फिनलंड गाठलं. ते पाणी लोक प्यायले होते, याची काळजी मात्र फार थोड्यांनी केली.

आणि गोळ्या?

रीलमधला माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर शब्द ‘बंद केल्या’ हा होता. प्रार्थना करा, हात ठेवा, रडा, यात कायद्याचा काहीही संबंध नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं तो हक्क दिलाय. कॅमेरा घेऊन एखाद्या प्रार्थनासभेत घुसणं आणि म्हाताऱ्या बायकांना जाब विचारणं, याला मी तरी तपासणी म्हणणार नाही. पण नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि त्यांच्या प्रसारातून लोकांना फसवणं हा गुन्हा मानतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायद्यात कुठल्या एका धर्माचं नाव नाही.

काकूंच्या बहिणीनं पाच आठवडे गोळ्या घेतल्या नव्हत्या. पायाच्या बोटाला चप्पल लागून झालेली जखम भरेना. रील येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच तिला ॲडमिट करावं लागलं.

मी काकूंबरोबर दोनदा हॉस्पिटलात गेले. मनात कथा तयार होती, भोंदू मंडळी आणि बिचारी बाई. ती कथा टिकली नाही. मंडळीतल्या एक बाई तिथं खाली चटई टाकून झोपत होत्या, सलग नऊ रात्री. घरी शिलाईचं काम, सकाळी जाऊन ते करायचं, संध्याकाळी डबा घेऊन परत. कुणी फोटो काढला नाही, त्यांनीही काढू दिला नसता. माईकवरचे गृहस्थ एकदा आले, प्रार्थना केली, मोबाईलवर शूट करून गेले.

मग कळलं, की गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, हे माईकवाल्यांनी फक्त आडून सुचवलं होतं. स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं ते या चटईवाल्या बाईंनी.

हे ऐकल्यावर काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी त्या बाई स्वतःच काकूंसमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, चुकलं माझं. मला वाटलं मी विश्वासानं बोलतेय. मी ऐकलेलंच बोलत होते.”

बोट वाचलं. बहीण अजूनही त्याच हॉलमध्ये जाते. काकूंना ते पटत नाही, पण त्या अडवत नाहीत. रविवारी गाणी सुरू व्हायच्या आधी त्या शिलाईवाल्या बाई तिच्याजवळ येतात, पर्समधली गोळ्यांची पट्टी काढायला लावतात, किती उरल्या ते मोजतात आणि मग जाऊन आपल्या खुर्चीवर बसतात.

रील काढून टाका म्हणून काकूंनी मंडळीला तीनदा निरोप दिला. काल पाहिलं तेव्हा ती तिथंच होती.